उंदीरवाडे सरांनी बेतलेला कोट

कुठलंही चित्र हातात आलं की उंदीरवाडे सर ते आधी उलटं धरत. चंद्रपूरच्या शाळेत मी इतिहास शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत एक तक्ता उलगडून बसले होते. घोड्यावर बसलेला राजा, मागे सैन्य. एक सावळे, किडकिडीत गृहस्थ आत आले, न विचारता तक्ता उचलला, उलटा केला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"राजा बरा हाये," ते म्हणाले. "घोड्याले मात्र पोटच नाई. बिचारा उपाशी लढून राह्यला."

मग तक्ता परत देत म्हणाले, "मी उंदीरवाडे. ड्रॉइंग शिकवतो. नावाले एकदाचं हसून घ्या, मंग कामाचं बोलू."

मी नाशिककडची. इकडची बोली मला नवी होती, आडनावंही नवी होती. मी हसले नाही, म्हणून तेच हसले. चित्र उलटं का पाहता, असं मी पुढे विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "सुलटं चित्र गोष्ट सांगते बाई. आपण गोष्टीत गुंगतो. उलटं केलं का गोष्ट गळून पडते, नुसती रेघ राह्यते. रेघेले खोटं बोलता येत नाई."

सरांचं गाव आरमोरीजवळ. घरची थोडी धानाची शेती होती. वडिलांनी छप्पन साली चांद्याला, म्हणजे चंद्रपूरलाच, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा सर लहान होते. त्या दिवसापासून वडिलांनी कोणापुढे कंबर वाकवली नाही, हे सर फार अभिमानानं सांगत. "बा शिकला नाई, पण सरळ उभं राह्यनं शिकला. मले कोणी इचारलं का तुमाले ड्रॉइंग कोणी शिकवलं, तर मी सांगतो, माह्या बापाच्या पाठीच्या कण्यानं. तशी सीधी रेघ मले अजून नाई जमली."

धान निघालं की झाडीपट्टीत, आरमोरीकडच्या त्या जंगलपट्ट्यात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो आणि त्याला जोडून नाटक असतंच. त्या दिवसांत सरांचा जीव शाळेत नसे. शनिवारी दुपारची घंटा झाली की ते आरमोरीची एसटी पकडत. बळीभाऊ नावाच्या एका जुन्या माणसाची नाटक मंडळी होती. तिचे पडदे सर रंगवत आणि कपडे बेतून देत. शिंपी कापड शिवायचा, पण कोट कसा पडला पाहिजे, खांदा कुठे उचलला पाहिजे, हे सर कागदावर काढून द्यायचे. बळीभाऊ म्हणायचे, "सरच्या कोटात बांबू उभा केला तरी राजा दिसते."

या सगळ्यात जपान कुठून आलं, ते सांगते. गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने होते. त्यातल्या एकात यंत्रं जोडायला जपानहून एक इंजिनिअर आला होता, मोरी नावाचा. सरांच्या बहिणीचा नवरा तिथल्या गेस्ट हाऊसमध्ये कामाला होता. मोरीसाहेबानं वाचून टाकलेली जाडजूड चित्रांची पुस्तकं तो रद्दीत न घालता सरांना आणून द्यायचा. स्वस्त खरखरीत कागद, काळी शाई, आणि पानापानांवर चौकटींतून धावणारी चित्रं. अक्षर एक कळत नव्हतं. सरांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते एकेका पानावर तासभर बसत.

"हे पाहा," ते मला दाखवायचे. "या माणसानं दोन रेघांत वारा काढला. आपण झाड हालवतो तेव्हा कुठी वारा दिसते. यानं झाड काढलंच नाई."

त्यातलं एक पुस्तक युद्धाचं होतं. लांब काळा कोट घातलेला एक जर्मन अधिकारी त्याचा मुख्य माणूस. उंच टोपी, चकचकीत बूट, दंडावर चिन्ह. मी ते पाहिलं आणि लगेच ओळखलं. सरांना मी सांगितलं की हे लोक कोण होते, त्यांनी माणसांना गाड्यांत भरून कुठे नेलं आणि काय केलं. सर ऐकत होते. आमचे विज्ञानाचे शिक्षक मध्येच म्हणाले, "हे तर आपलं स्वस्तिक आहे. दारावर काढतो ते."

"खूण आपल्या दारावरची असंल," सर म्हणाले, "पण हे चोराच्या घरून आलेली दिसते. त्यानं तिले तिरपं उभं केलं, अन् रंग काळा दिला. खुणेचा दोष नाई, पण ते कोणाच्या दंडावर बसली ते पाहाच लागते."

मग वाद रंगला. मी म्हणाले, असली पुस्तकं शाळेत नकोत. विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, गोष्टीत राक्षस असतोच, म्हणून काय गोष्ट राक्षसाची होते का. हा अधिकारी गोष्टीतला खलनायक आहे की नायक, हेच कोणाला कळत नव्हतं. आम्ही पानं उलटून पाहिली. सुरुवातीला तो आगीत पडलेला दिसत होता आणि शेवटी मंचावर उभा राहून सलामी घेत होता. मी म्हणाले, "बघा, शेवटी तोच जिंकतो."

मुख्याध्यापकांनी आवाज ऐकून दार उघडलं, पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "वाद कशाला? जाळून टाका."

"नाई सर," उंदीरवाडे सर म्हणाले.

"का? तुमच्या लोकांनीही एकदा पुस्तक जाळलंच होतं ना, मनुस्मृती?"

सर रागावले नाहीत. "जाळलं होतं. पण पिढ्यान् पिढ्या भोगून, वाचून, समजून जाळलं. हे पुस्तक अजून आपल्याले वाचताच नाई आलं. न वाचता जाळलं तर आपण कोण होऊ?"

पुस्तक जळण्यापासून वाचलं. सरांनी ते कपाटात ठेवलं. पण तो कोट त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

त्या हंगामात बळीभाऊंनी नवं नाटक घेतलं. एका राज्याचा दुष्ट सेनापती गादी बळकावतो, गावं लुटतो आणि शेवटी एका गरीब मास्तराच्या हाकेवर लोक त्याला खाली ओढतात, असं कथानक. सेनापतीसाठी सरांनी तो कोट बेतला. मी अडवलं, तेव्हा म्हणाले, "बाई, खूण नाई ठेवत. नुसता कोट. बदमाशाले बदमाशाचा कोट. यात चूक काय?" मलाही त्यात चूक काही दाखवता आली नाही.

नाटक पाहायला मी गेले होते. सेनापतीचं काम दिवाकर नावाचा नट करायचा, धिप्पाड आणि आवाजाचा. तो काळा कोट घालून पडद्यातून बाहेर आला आणि मंडपात शिट्ट्यांचा पाऊस पडला. तो छडी बुटावर आपटायचा, लोक टाळ्या वाजवायचे. त्यानं गाव जाळायचा हुकूम दिला, तरी टाळ्या. मास्तर झालेला नट ठिगळाच्या सदऱ्यात कळवळून बोलत होता आणि लोक तेवढ्यात चहा पिऊन येत होते. माझ्या शेजारी सर बसले होते. टाळ्या त्यांच्या कोटाला होत्या. ते खूश होते, आणि मधूनच खूश नव्हते.

महिनाभरात आरमोरीच्या शिंप्याकडे तसल्या कोटांची रांग लागली. काळं कापड, पितळी बटणं, टोपी. आसपासच्या गावांतली जवान पोरं ती घालून मंडईत हिंडू लागली. पोरं सगळ्या घरांतली होती, शेतकऱ्यांची होती, आमच्या सरांच्या वस्तीतलीही होती. सरांचा पुतण्या रमेश त्यात होता. आयटीआय करून घरी बसलेला, मनानं चांगला, पण रिकामा.

पुढे सरांच्या गावाला शंकरपट होता. सरांनी मला मुद्दाम बोलावलं. लख्ख दुपार होती. शर्यतीच्या दोरीच्या अगदी जवळ, पहिल्या रांगेत सरांचे वडील बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बैल दिसत नसत, पण घुंगरांचा आवाज जवळून ऐकायला म्हातारा पुढे बसायचा. डोक्यावरून घोंगडं घेतलं होतं. आम्ही दोघं जरा मागे उभे होतो.

काळ्या कोटातली पोरं स्वयंसेवक झाली होती. कोणी नेमलं होतं, माहीत नाही. हातात काठ्या घेऊन ती पुढच्या लोकांना उठवत होती. जंगलाकडून आलेली गोंड माणसं आधीच उठून मागे गेली होती. मग एक पोरगा घोंगड्याच्या पाठीवर काठीचं टोक लावून म्हणाला, "ए बुढ्या, ऊठ. मागं हो."

म्हातारा वळला. समोर ऊन. त्या उन्हात त्याला माणूस दिसला नसावा. काळा कोट, चमकणारी बटणं आणि टोपी, एवढंच दिसलं असेल. तो धडपडत उठला, घोंगडं काखेत धरलं, दोन्ही हात जोडले आणि कमरेत वाकला.

"जोहार मायबाप," तो म्हणाला. "जोहार. उठतो जी, उठतो."

समोरचा पोरगा रमेश होता.

रमेशनं आजोबांचा चेहरा ओळखला आणि तो जागच्या जागी थिजला. म्हातारा मात्र वाकूनच मागे सरकत होता. जे शब्द त्यानं दीक्षेच्या दिवशी टाकून दिले होते, ते त्याच्या तोंडात इतकी वर्षं तसेच पडून होते. एक कोट पुढे आला आणि ते बाहेर पडले.

सर पुढे गेले. त्यांनी रमेशकडे पाहिलंही नाही. वडिलांचा दंड धरला आणि त्यांना हळूहळू सरळ केलं. आम्ही तिघं घराकडे निघालो. वाटेत म्हाताऱ्यानं विचारलं, "कोणी साहेब होता का रे?"

"नाई बा," सर म्हणाले. "नाटकातला होता."

त्यानंतरच्या रविवारी सर मला घेऊन गडचांदूरला गेले. मोरीसाहेबाशी इंग्रजीत बोलायला त्यांना मी हवी होते. मोरी पन्नाशीचा, लाजाळू माणूस. ते पुस्तक पाहून त्याला आनंद झाला. मग आम्ही कसं वाचलं ते ऐकून तो हसू लागला. पुस्तक त्यानं आमच्या हातात फिरवून दिलं. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होतं. आम्ही शेवटाकडून वाचत आलो होतो. त्या अधिकाऱ्याची सलामी ही गोष्टीची सुरुवात होती आणि आग हा शेवट. तो मरतो. गोष्ट त्याच्या विरुद्धच होती.

म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकांचं बरोबर होतं, मी चुकले होते. मी तसं म्हणालेही. सर पुस्तक उलटं धरून पानं चाळत होते.

"मरते ना तो," ते म्हणाले. "पण पाहा तरी. एका पानात मरते, अन् साऱ्या पुस्तकात मिरवते. शब्द त्याले शिव्या देत असंन बाई. रेघ मात्र त्याले सलाम करून राह्यली. बुटाच्या चमकीवर यानं जेवढा जीव ओतला, तेवढा मेलेल्या माणसावर नाई ओतला. अन् मी बी तेच केलं."

मी ते मोरीला सांगितलं, शंकरपटावर काय झालं तेही सांगितलं. मग सरांनी विचारलं, "तुमच्या देशानं बी लढाई केली होती. मंग तुमचे चित्रकार जर्मनीचे कोट काऊन काढते? स्वतःच्या शिपायाइचे काऊन नाई काढत?"

मोरी म्हणाला की सगळ्यांचं त्याला माहीत नाही. त्याच्या घरी थोरल्या काकाची तसबीर आहे. गणवेशातली. काका ब्रह्मदेशातून परत आले नाहीत. त्यांनी तिकडे काय सोसलं आणि काय केलं, हे घरात कोणी कधी विचारलं नाही. "ती तसबीर मी कधी कागदावर काढू शकलो नाही," तो म्हणाला. "जर्मन कोट मात्र लहानपणी वहीभर काढले. तो कोट आमच्या गल्लीत कोणाच्याच घरचा नव्हता. दुसऱ्याचा गणवेश काढायला सोपा असतो. तो मला फक्त देखणा दिसायचा."

मी मराठीत सांगितलं. सरांनी मान हलवली. "मले बी फक्त देखणाच दिसला." आणि दोघं बराच वेळ गेस्ट हाऊसच्या पायरीवर चहा पीत बसले. एकमेकांची भाषा येत नसताना असं बसणं मी क्वचित पाहिलं आहे.

परतल्यावर सर तडक बळीभाऊंच्या तालमीला गेले. मी बरोबर होते.

"कोट बदला लागते," सर म्हणाले.

बळीभाऊंना वाटलं, फाटला. "शिवून घेऊ ना."

"फाटला नाई. जास्त चांगला झाला."

"सर, लोक कोटासाठी येऊन राह्यले. नाटक कोण पाहते? अन् शेवटी मरते ना सेनापती. आखरी तर चांगलाच हाये."

"आखरी होयेपर्यंत लोक उठून जाते, बळीभाऊ. जाताना कोट घेऊन जाते."

दिवाकर कोपऱ्यात बसून विडी ओढत होता. तो म्हणाला, "बळीभाऊ, मी एक सांगू? बारा गावचे बदमाश केले मी. बायाइच्या शिव्या खाल्ल्या, एकदा तर चप्पल खाल्ली. ते माही कमाई होती. या कोटात मले कोणी शिवीच नाई देत. पोरं पाया पडाले येते. मले भेव वाटते."

शेवटी बळीभाऊ म्हणाले, "करा काय करता ते. पण पुढून तोच दिसला पाह्यजे."

सरांनी ते शब्दशः घेतलं. पुढून कोट तोच ठेवला. पाठीचं कापड मात्र सगळं उसवलं आणि तिथे धानाच्या पोत्याचा बारदाना जोडला, ठिगळं लावून, शिलाई उघडी ठेवून. सेनापती समोर तोंड करून उभा असला की तसाच देखणा. पण हुकूम देऊन वळला की पाठीवर पोतं.

नवा कोट चढवून दिवाकर उभा राहिला, तेव्हा काय झालं ते त्यानंच मला पुढे सांगितलं. "बाई, पहिल्यांदा शिट्ट्या आल्या. मंग मी पाठ फिरवली अन् मागून एक बाई हासली. तिच्या मागून सारा मंडप. मी वळलो तर हासनं बंद. म्हंजे भेवून राह्यले होते. पुन्हा वळलो, पुन्हा हासले. नाटक संपेपर्यंत त्याइचं भेव गेलं होतं. त्या दिवशी मास्तरच्या वाक्याले टाळी आली."

सगळं असंच सरळ झालं असतं तर बरं होतं. पण काही गावांनी तक्रार केली की मंडळीनं फसवलं, आम्हाला जुना कोट पाहिजे. बळीभाऊंचाही नाइलाज होता; मंडळी त्यांना जगवायची होती. पुढच्या हंगामात त्यांनी दुसऱ्याकडून पहिल्यासारखा कोट शिवून घेतला. सरांनी भांडण केलं नाही. त्यांनी पडदे रंगवणं सोडलं. ज्या कामासाठी ते वर्षभर श्वास राखून ठेवत, ते त्यांनी सोडलं. नंतरच्या हिवाळ्यांत शनिवारची घंटा झाल्यावरही ते ड्रॉइंगच्या वर्गात बसून राहत. मी विचारलं, तर म्हणाले, "बळीभाऊ वाईट माणूस नाई बाई. त्याले कोट पाह्यजे. मले झोप पाह्यजे."

ती जपानी पुस्तकं मात्र ते वर्गात उघड्यावर ठेवू लागले. मुलं हवी तेवढी पाहत. कोणी तो अधिकारी वहीत काढला की सर पाठीमागे येऊन उभे राहत. "छान काढला. आता त्याचा कोट धुणारी बाई काढ. त्यानं हाकलला तो माणूस काढ. तेवढीच मेहनत घे." आणि वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिलेलं त्यांचं वाक्य तेव्हाचंच आहे, "बदमाश जरूर काढा रे. पण त्याचे टेलर बनू नोका."

रमेशशी ते त्या प्रसंगाबद्दल एकदाच बोलले. "बाले सांगू नोको," एवढंच. रमेशनं कोट अंगातून काढला तो पुन्हा घातला नाही. नंतर आजोबांना आंघोळ घालण्यापासून दवाखान्यात नेण्यापर्यंत सगळं तोच करू लागला. दोघं एका खोलीत झोपायचे. ते गुपित तो रोज सांभाळत असणार.

ऐंशीचं दशक संपता संपता माझी बदली झाली. त्यानंतरच्या पावसाळ्यात सरांना मलेरिया झाला, तो डोक्यात गेला. त्यांचं वय जायचं नव्हतं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे बौद्धांकडच्या श्रद्धांजलीच्या दिवशी मी गावाला गेले. अंगणात पांढरी चादर अंथरली होती. बळीभाऊ आले होते, एका बाजूला मान खाली घालून बसले होते. दिवाकर पाणी वाटत होता. मुलाच्या तसबिरीशेजारी म्हातारा बसला होता. आता त्याला काहीच दिसत नव्हतं. रमेश त्याचा हात धरून होता.

मी जवळ गेले, नाव सांगितलं.

"जयभीम बाई," म्हातारा म्हणाला. "शाळेतल्या ना तुमी? बसा." मग माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "माह्या पोरानं नाटकात एक काळा कोट बेतला होता म्हंते. लोक अजून त्याचंच सांगते. मले तर दिसत नोतं, मी काई पाह्यला नाई. तुमी पाह्यला होता?"

रमेशची मान खाली होती. म्हाताऱ्याच्या हातावरची त्याची बोटं घट्ट झालेली मला दिसली.

"पाहिला होता, बाबा," मी म्हणाले.

"कसा होता?"

"फार सुंदर होता."

म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. "पोराचा हात चांगलाच होता," तो म्हणाला.

रमेश उठला. त्यानं आजोबांच्या काखेत हात घातला आणि हळूच म्हणाला, "चाल आबा, जेवाले बस."